चौल मुंबईला गेलं

कोजागिरी उलटली की अष्टागराला जावं. तोवर दर्या निवलेला असतो, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पुन्हा नियमित धावू लागलेल्या असतात. हळवं भात कापून झालेलं, गरवं अजून शेतात पिवळं उभं. विहिरी काठोकाठ भरलेल्या. दुपारचं ऊन चटका देतं, पण नारळी-पोफळींच्या वाडीत शिरलं की अंगावर सावलीची शाल पडते. थळ-किहीमपासून चौल-रेवदंड्यापर्यंतची ही किनारपट्टी वर्षभर हिरवी असली, तरी तिचं खरं रूप दिसतं ते शरदातच.

यंदा आम्ही दोघंच गेलो, सकाळी निघून रात्री घरी परतायचं असं ठरवून. ह्यांचं मूळ घर चौलचं. घर आता चुलत दिरांकडे आहे आणि वाडीही तेच राखतात. आमच्या वाट्याला आल्या त्या आजीच्या गोष्टी. आजी म्हणजे ह्यांची आजी, माझी आजेसासू. चाळीस सालाच्या सुमारास लग्न होऊन ती चौलात आली आणि मी सून म्हणून घरात आले तेव्हा तिचे केस पिकलेले होते. तिच्या बोलण्यात साल कधीच नसायचं. ‘रामदास बुडाली त्याच्या आधी’, ‘शनवार तेली गेले त्याच्या मागाहून’, ‘सासूबाईंच्या लहानपणी पाऊस रुसला तेव्हा’ अशी तिची कालगणना होती. पुढे मी या भागाविषयी मिळेल ते वाचत गेले आणि तिच्या प्रत्येक खुणेशेजारी साल मांडत गेले. तिच्या गोष्टी आणि पुस्तकांतला इतिहास शेजारीशेजारी ठेवून चौल बघायचं, हाच या एका दिवसाचा बेत होता.

पहिली खूण समुद्रातच लागते. भाऊच्या धक्क्यावरून आमची रो-रो बोट सुटली. तासाभराचा प्रवास, वर उभं राहून चहा घेत गप्पा माराव्यात असा. ह्यांनी मात्र कठड्याला टेकून दक्षिणेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “काशाचा खडक त्या बाजूला.” पुढे काही बोलायची गरज नव्हती.

१७ जुलै १९४७ची सकाळ. आषाढ अमावास्या, म्हणजे आजीच्या भाषेत दिव्यांची अवस. सण घरी करायचा म्हणून मुंबईतले चाकरमानी, भाजी-मासळीचे व्यापारी, बाया-पोरं अशी गच्च भरलेली ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वाटेत वादळी वाऱ्यापावसानं गाठलं. पाऊस चुकवायला माणसं एका बाजूला सरकली, बोट कलंडली आणि काही मिनिटांत काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बिनतारी यंत्रणा बोटीवर नव्हती, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ताही नव्हता. मासेमारीला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवल्या आणि हाताला लागतील तेवढी माणसं वर ओढली. वाचलेल्यांतले बहुतेक त्यांच्यामुळेच वाचले.

आजी त्या वेळी विशीतली. ती आकडे सांगायची नाही. पुरण शिजवून ठेवलेली घरं होती, एवढंच सांगायची. दिवे उजळायच्या दिवशी गावात संध्याकाळी दिवा लागला नाही. पुढे कितीतरी वर्षं आमच्या आळीतलं कुणी अवसेला बोटीत पाऊल टाकत नसे. महिन्याच्या आत स्वातंत्र्य मिळालं. मुंबईत रोषणाई झाली. त्या दिवशी इथल्या अनेक घरांत सुतक फिटून जेमतेम आठवडा-दोन आठवडे झाले होते. स्वातंत्र्याचा इतिहास शिकताना १५ ऑगस्टचा आनंद मी पाठ केला होता. त्याच महिन्याची ही दुसरी बाजू मला आजीनं दिली. आजवर मी या पाण्यावरून गेले की मनातल्या मनात हात जोडते, याही वेळी जोडले.

मांडव्याहून अलिबाग आणि अलिबागहून चौलच्या रस्त्यानं निघालं की आक्षी लागते. तिथला शिलालेख पाहायला आम्ही थांबलो. अभ्यासकांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला आहे आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. शिलाहार राजा केसीदेवाच्या काळातल्या दानाचा हा लेख. दान मोडणाऱ्याला शिव्याशाप देणारी गधेगाळही दगडावर कोरलेली आहे, म्हणून आजीच्या वेळच्या बायका दगडाकडे मान वळवून बघत नसत, भराभर पुढे जात. हजार वर्षांपूर्वी दान राखण्यासाठी जो धाक दगडावर घातला, तो आजीच्या पिढीपर्यंत शाबूत होता. अक्षर वाचता न येणाऱ्या बायकांपर्यंत दगडाचा मजकूर पोचला होता.

चौलात पहिला थांबा रामेश्वराच्या देवळात. कौलारू मंडप, पुढे दीपमाळा, समोर मोठी पुष्करणी. शरदात ती तुडुंब असते. पायऱ्या खालपर्यंत दिसत राहतात इतकं पाणी नितळ. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत, एरवी झाकलेली. पाऊस ओढ देऊ लागला की पर्जन्यकुंड उघडायचं ही इथली जुनी रीत. आजीच्या सासूबाईंनी लहानपणी ते उघडताना पाहिलं होतं. सगळा गाव जमला होता, गाऱ्हाणं घातलं गेलं, आणि घरी परतताना वाटेत पाऊस आला. त्या गोष्टीत पाऊस नेहमीच वाटेत यायचा. मी ही गोष्ट श्रद्धेची म्हणून ऐकतेच, पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. बारा महिने पाण्यात उभ्या राहणाऱ्या वाड्यांचा हा मुलूख. पोफळीला पाण्याची ओढ लागली तर झाड वठतं, आणि नवं झाड धरायला वर्षं जातात. एका वर्षीच्या अवर्षणात एका घराची पिढी खचते. कुंडावरची शिळा हलवताना जमलेल्या गावाची काळजी त्या गोष्टीनं जशी धरून ठेवली आहे, तशी ती कुठल्या महसुली कागदानं धरली नसती.

चौल किती जुनं, याचं उत्तर दोन हजार वर्षं असं द्यावं लागतं. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या ग्रीक लेखनात या बंदराचा उल्लेख आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. आणि १४६९च्या सुमारास, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून निघालेल्या गलबतातून चौलला उतरला. विकायला त्यानं एक घोडा आणला होता. उघड्या अंगानं, उघड्या डोक्यानं वावरणारे इथले लोक पाहून तो चकित झाला, आणि गोरा माणूस पाहून लोक त्याच्यामागून गर्दीनं चालू लागले. घाट चढून तो जुन्नरला गेला. तिथल्या असदखानानं त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देतो म्हणून बजावलं. एका खोरासानी माणसाच्या मध्यस्थीनं तो त्यातून सुटला. परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच निकितिन वारला, पण त्याची टिपणं पोचली. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. १९५७मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ काढला, त्यात नर्गिस होती आणि बलराज साहनी होते. आजोबांनी तो मुंबईत पाहिला आणि गावी येऊन सांगितलं की आपल्या बंदरावर सिनेमा निघाला आहे. त्या एका वाक्याच्या बळावर आमच्या घरात निकितिन पाहुणा झाला.

त्याचा घोडा मात्र नीट लक्षात ठेवावा, कारण चौलचा पुढचा सगळा इतिहास घोड्यांच्या मागून येतो. दख्खनच्या हवेत उत्तम घोडा पैदा होत नसे. बहमनी असो, निजामशाही असो, विजयनगर असो, घोडदळ उभं करायचं तर अरबस्तान-इराणातला घोडा समुद्रमार्गे आणावा लागे. ज्याच्या हाती बंदर, त्याच्या हाती घोडा. आणि ज्याच्या हाती घोडा, त्याच्या हाती घाटावरचं राज्य. पोर्तुगीजांनी हे ओळखलं. १५०८मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या ममलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून त्यांना मारलं. व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सो द आल्मेदा इथेच पडला. पाय तोफगोळ्यानं निकामी झाल्यावरही डोलकाठीशी बसून तो लढाई चालवत राहिला, असं सांगतात. वर्षाच्या आत बापानं दीवला जाऊन त्याचा सूड घेतला. मग १५२१मध्ये बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगीजांना रेवदंड्याला ठाणं बांधायची परवानगी दिली. त्या करारामागे घोडेच होते: घोडे त्यांनी चौलला आणावेत. १५२४पर्यंत कोट उभा राहिला.

त्या कोटात आज गाव राहतो. एसटीचा रस्ता तटाच्या दरवाजातून आत शिरतो, आणि आत घरं, दुकानं, बागा, पायवाटा. पाचेक किलोमीटरांचा तट. कुठे पुरुषभर, कुठे दोन पुरुष उंच, कुठे वडाच्या मुळ्यांनी धरलेला. पोफळींच्या रांगांतून चालताना एकदम पुढ्यात चर्चची कमान येते. सर्वांत ठळक तो सातखणी मनोरा. सात मजल्यांचा म्हणून सातखणी. त्यातले वरचे खण पडून गेले. आम्ही त्याच्या सावलीत डबा सोडला. सकाळी घरून बांधून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. शेजारी काळ्या वाळूचा किनारा, सुरूची झाडं आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर.

या तटानं मोठे वेढे पाहिले. १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशहानं चौलला आणि आदिलशहानं गोव्याला एकाच वेळी वेढा घातला, कोट टिकला. १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं वेढा दिला, तेव्हाही टिकला. तो गेला तो वसईच्या धसक्यानं. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेतली पोर्तुगीज सत्ता मोडली. दुसऱ्या वर्षी तहानं चौल मराठ्यांच्या ताब्यात आलं. सव्वादोनशे वर्षांची सत्ता हा तट सोडून गलबतांत बसली. सगळेच मात्र गेले नाहीत. खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून झालेली आपली बोली घरात बोलतात. शाळेत ती कुणी शिकवली नाही, सरकारदरबारी तिला जागा नव्हती. आजीनं नातवाशी बोलावं, एवढ्यावर ती पावणेतीनशे वर्षांहून अधिक टिकली. तट पडला, खण ढासळले, आणि चुलीपुढचं बोलणं उरलं.

दुपारी आमच्या वाडीत गेलो. दीर शिंपणं काढत होते. पूर्वी रहाटाला बैल असायचा, आता पंप. पण विहिरीपासून झाडाच्या आळ्यापर्यंत पाणी नेणारे पाट तेच. एका पाटाची माती उपसताना त्यांनी काहीतरी उचलून माझ्या हातात दिलं. चिनी मातीच्या भांड्याचा तुकडा. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, एका अंगाला किंचित बाक. पांढऱ्यावर निळ्या रंगाचे दोन फराटे, त्यातला एक टोकाशी वळून पानासारखा निमुळता झालेला. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, झिलई मात्र जशीच्या तशी. ओल्या बोटानं पुसली तर चमकली. चौलच्या वाड्यांत असे तुकडे अजून निघतात. चीनहून निघालेलं हे भांडं कुणाच्या तरी गलबतातून या धक्क्याला लागलं, कुणा सुखवस्तू घरात जेवणात वापरलं गेलं आणि फुटल्यावर मातीत गेलं. आजी याला ‘फिरंग्यांची ठिकरी’ म्हणायची. तिच्या मुलींनी लंगडी-ठिकरी खेळायला हेच तुकडे वापरले. माझ्या सासऱ्यांच्या बहिणी जागतिक व्यापाराच्या पुराव्यावर एका पायानं उड्या मारत वाढल्या. मी तो तुकडा पुन्हा पाटाच्या काठावर ठेवला. तो त्या वाडीचा आहे.

आजीच्या गोष्टींतली सर्वांत हळवी गोष्ट शेजारणीची होती. शेजारीण शनवार तेल्यांतली, म्हणजे बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचा हा वंश, असं ते स्वतः सांगत. त्यांनी घाणे टाकले, तेल गाळलं, मराठी आपली केली, गावांवरून आडनावं घेतली. किहीमकर, पेणकर, चेऊलकर. रेवदंड्याचं त्यांचं सिनेगॉग, बेथ एल, १८४२चं. आजीकडे पाहुणे आले की शेजारीण घाण्यावरचं ताजं तेल धाडायची आणि तिच्याकडे सण असला की आमच्या वाडीतले शहाळी-नारळ जायचे. इस्रायल झाल्यावर एकेक घर उठू लागलं. निघताना शेजारीण आजीच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, “तिथे मराठीत कोण बोलेल माझ्याशी?” ही गोष्ट आजी सांगायची आणि मग बराच वेळ सुपारी कातरत राहायची. पुढे कळलं की इस्रायलात या समाजानं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग ती एकटी नाही पडली.”

आता खरा प्रश्न. शतकानुशतकं गजबजलेलं बंदर गेलं कुठे? शाळेच्या पुस्तकात बंदरं ‘ऱ्हास पावतात’. चौल कुणा एका लढाईत जळून गेलं नाही. कुंडलिका नदीच्या मुखाशी गाळ साठत गेला आणि मोठी गलबतं आत येईनाशी झाली, हे एक कारण. दुसरं कारण उत्तरेला, जवळच उभं होतं. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यापोटी मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, १६६८मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. बेटांवर वस्ती विरळ, माणसं हवी होती. कंपनीनं व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बोलावलं, राहायला जागा दिल्या. चौलचं रेशीम तेव्हा नावाजलेलं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपी प्रवाशांनी इथल्या रेशमी कापडाची वाखाणणी केली आहे. ते विणणारी घरं मागासकट मुंबईला जाऊ लागली. विणकर गेले, मग त्यांच्यामागून सुताचे व्यापारी, रंगारी, सराफ. पुढच्या दोन शतकांत गिरण्या आल्या, आणि अष्टागरातल्या घराघरांतून एक तरी मुलगा लाँचनं मुंबईला गेला. आमचे आजोबा त्यांतलेच.

आजी हे सगळं तीन शब्दांत सांगायची: “चौल मुंबईला गेलं.”

तिनं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं ते एवढंच की घरातला कर्ता पुरुष गिरगावच्या खोलीत राहतो आणि गणपतीला, शिमग्याला घरी येतो. तसं शेजारच्या घरात, त्याच्या शेजारच्या घरात. पण इतिहासकारांनी गाळ, करार, विणकर, भांडवल यांची जुळणी करून जो निष्कर्ष काढला, त्याच्याच बाजूला तिचं वाक्य उभं राहतं. मी तर म्हणेन, तिचं वाक्य जास्त पूर्ण आहे. बंदर म्हणजे धक्का आणि तट नव्हे, बंदर म्हणजे माणसं. ती उठून दुसरीकडे गेली तर बंदर बुडालं असं म्हणता येत नाही, ते जागा बदलून चालूच राहतं. मुंबईनं रेशीम विणलं तेव्हा त्यात चौलचा हात होता. रामदास बोट भरून सणाला गावी निघाली होती, तेही हेच स्थलांतर. घर आणि पोट दोन किनाऱ्यांवर पडलेल्या माणसांचं.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या गोष्टींकडे मी आता केवळ जिव्हाळ्यानं बघत नाही. त्या पुरावा आहेत. तहाचा कागद लिस्बनला असेल, पण बोट बुडाली त्या संध्याकाळी कुणाच्या घरात पुरण तसंच राहिलं, कुणाच्या घाण्याचं तेल कुणाच्या पाहुण्यांना पोचलं, कोण कुणाच्या गळ्यात पडून रडलं, हे कुठल्या दफ्तरात सापडत नाही. साल चुकलं तर ते पुस्तकात बघून दुरुस्त करता येतं. माणूस गेल्यावर त्याच्या गोष्टीची दुरुस्ती नाही आणि भरपाईही नाही.

मुंबईत गावावरून आडनाव घेतलेली हजारो घरं आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या मागे असं एक बंदर उभं आहे: चौल, थळ, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ. दिवाळीला सगळे एकत्र बसतील तेव्हा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला नेमके प्रश्न विचारा. मुंबईला पहिलं कोण आलं आणि कुठल्या बोटीनं? गावात शेजारी कोण होते, आणि ते कुठे गेले? वाडीत काय पिकायचं, कुणाला विकायचं? पाऊस आला नाही तेव्हा गाव काय करायचा? उत्तरं वहीत उतरवा, बोलणाऱ्याच्या शब्दांत. आमच्या घरी ही वही आता मुलीकडे गेली आहे, आणि तिनं पहिल्या पानावर आजीचं ते तीन शब्दांचं वाक्य लिहिलं आहे.